बसोर ओहोळाच्या अलीकडचे दोनशे

शास्त्रभाग : १ शमुवेल ३० : १ ते २५



दाविदाच्या चरित्रातील हा अध्याय आपल्या शब्बाथशाळांतून बहुधा एकाच अंगाने शिकविला जातो. अमालेक्यांनी सिकलाग नगर जाळले, बायकामुले धरून नेली, दाविदाने परमेश्वराचा सल्ला घेतला, शत्रूचा पाठलाग केला आणि गेलेले सर्व काही परत मिळविले. धडा येथे संपतो आणि मुले घरी जातात. परंतु या अध्यायाच्या मध्यभागी दोनशे माणसे बसलेली आहेत. त्यांच्याकडे आपण फारसे पाहत नाही. दाविदाबरोबर सहाशे जण निघाले होते. बसोर ओहोळापाशी आले तेव्हा त्यांतील दोनशे इतके थकले होते की त्यांना तो ओहोळ ओलांडवेना. ते सामानापाशी अलीकडेच राहिले आणि चारशे पुढे गेले. युद्धात सापडून ज्यांचे अंग आणि मन दोन्ही खचले आहे अशा माणसांशी देवाच्या लोकांनी कसे वागावे, हे या दोनशांच्या कथेवरून शिकण्यासारखे आहे. म्हणून आज आपण त्यांच्यापाशी थोडा वेळ थांबू.

प्रथम त्यांची अवस्था पाहा. पलिष्ट्यांच्या छावणीतून परत पाठविलेले हे लोक तिसऱ्या दिवशी आपल्या गावी पोहोचले. जेथे चुलींचा धूर दिसावयाचा, तेथे राख होती. घर नाही, बायको नाही, मूल नाही. ती जिवंत आहेत की नाहीत हेही ठाऊक नाही. शास्त्र सांगते की ते सर्व रडले, आणि रडण्याचेही त्राण उरले नाही तोवर रडले. त्यानंतर त्यांच्या दुःखाने दुसरेच वळण घेतले. ते दाविदालाच दगडमार करण्याची भाषा बोलू लागले. काल ज्याच्यासाठी प्राण देण्यास तयार होते, आज त्याच्यावरच हात उगारण्यास निघाले. ज्यांनी मोठा आघात सोसलेल्या घरात चार दिवस काढले आहेत, त्यांना यात नवल वाटणार नाही. दूरच्या शत्रूपर्यंत हात पोहोचत नाही, तेव्हा राग जवळच्या माणसावर निघतो.

अशा स्थितीत विश्रांती न घेता हे सहाशे पुन्हा चालू लागले. त्यांपैकी दोनशेंचे पाय बसोरापाशी थांबले. ते का थांबले याची चौकशी शास्त्र करीत नाही. कोणी वयस्क असेल, कोणी जखमी असेल, कोणाच्या छातीवर दुःखाचा भार अधिक असेल. सर्वांनी चाल एकच केली, राख एकच पाहिली, अश्रू सारखेच ढाळले. तरी प्रत्येकाचे शरीर आणि मन एकाच ठिकाणी थकत नाही. शास्त्राला एवढी एक गोष्ट पुरेशी वाटते की ते थकले होते.

बंधुभगिनींनो, असे दोनशे आमच्या काळातही आहेत. सुदानमध्ये, गाझात, म्यानमारमध्ये ते आम्ही पाहिले. येथे आपण एकाच देशाचे उदाहरण घेऊ, कारण त्याच्याशी आपल्या घरांचाही थोडा संबंध आला. २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे रशियाने युक्रेनवर अनेक बाजूंनी हल्ला चढविला. तेथे वैद्यकीचे शिक्षण घेणारी महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण येथील मुलेमुली तळघरांत अडकली. त्यांच्यासह बावीस हजारांहून अधिक भारतीय त्या दिवसांत मायदेशी परतले. आमच्याकडील पुष्कळ घरांत त्या आठवड्यात प्रार्थनेसाठी गुडघे टेकले गेले. मुले आली आणि आपला त्या युद्धाशी असलेला संबंध बहुतांशी संपला. परंतु ज्यांची ती जन्मभूमी, त्यांना परतीचे विमान नव्हते.

कीव्ह आणि खारकीव्ह या शहरांत लोक भुयारी रेल्वेच्या स्थानकांत राहू लागले. खारकीव्हमध्ये तर मे २०२२ च्या अखेरीस गाड्या पुन्हा सुरू होईपर्यंत कित्येक कुटुंबांचा संसार फलाटावरच होता. ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर क्षेपणास्त्रांचा मारा सुरू झाला आणि कडाक्याच्या हिवाळ्यात घरांतील दिवे, पाणी व ऊब एकदमच गेली. खारकीव्ह शहर रशियाच्या सीमेपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. तेथे क्षेपणास्त्र आधी आणि भोंगा नंतर, असेही घडले. ८ जुलै २०२४ रोजी कीव्हमधील मुलांच्या मोठ्या रुग्णालयावर मारा झाला. २०२५ साल उजाडले तरी भोंगे वाजतच होते. साठ लाखांहून अधिक लोक देशाबाहेर आश्रयास गेले आणि आणखी कित्येक लाख देशातच घरदार सोडून दुसऱ्या गावी राहिले.

आपल्याकडे ७ मे २०२५ रोजी अनेक शहरांत भोंग्यांची रंगीत तालीम झाली, काही ठिकाणी दिवे मालविण्यात आले. त्या एका संध्याकाळची आठवण करा आणि तशा एक हजार संध्याकाळी मोजून पाहा.

भोंगा वाजला की काळीज धडधडते, श्वास जलद होतो, अंग ताठते. परमेश्वराने शरीरात ही योजना थोड्या वेळच्या संकटासाठी केली आहे. वाघ दिसला की पळावे, वाघ गेला की अंग सैल पडावे. युद्धात अंग सैल पडण्यापूर्वीच दुसरा भोंगा वाजतो. असे महिनोन्‌महिने चालले म्हणजे झोप तुटते, साध्या गोष्टी आठवेनाशा होतात, लहानशा शब्दाने संताप येतो आणि शेवटी काहीच वाटेनासे होते. भोंगा वाजला तरी माणूस अंथरुणातून उठत नाही. पाहणाऱ्याला ते धैर्य वाटते, वस्तुतः तो थकवा असतो. युद्ध संपल्यावर विश्रांती घेऊ, असेही म्हणता येत नाही, कारण ते केव्हा संपेल हे कोणी सांगू शकत नाही. अशा माणसांसाठी बसोर ओहोळापासून आम्हांस पुढील पाच गोष्टी मिळतात.

(१) अश्रू संपणे म्हणजे विश्वास संपणे नव्हे

दाविदाचे लोक रडले आणि दावीदही त्यांच्याबरोबर रडला. त्याच्याही घरातील माणसे धरून नेली होती. पुढे राजा होणाऱ्या, परमेश्वराच्या मनासारख्या या पुरुषाने आपले अश्रू लपविले नाहीत. आमच्या मंडळ्यांत मात्र एक चुकीची समजूत रूढ आहे. खरा विश्वासणारा रडत नाही, खचत नाही, मयताच्या घरीही हसतमुखाने गीत गातो, असे आपण मानतो. मग ज्याला गाता येत नाही तो मंडळीत येणेच सोडतो.

विलापगीत हे संपूर्ण पुस्तक वेढा पडून उद्ध्वस्त झालेल्या नगराचे रडणे आहे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारातच संपते, त्याच्या शेवटी प्रकाशाची ओळ नाही. हे ग्रंथ शास्त्रातून काढून टाकावेत असे देवाच्या लोकांना कधी वाटले नाही. ज्याला स्वतःचे शब्द उरलेले नाहीत, त्याच्यासाठी परमेश्वराने हे शब्द ठेविले आहेत. थकलेला माणूस देवापुढे नुसता कण्हला तरी ती प्रार्थनाच होय.

मग दावीद परमेश्वराच्या ठायी सबळ झाला असे शास्त्र म्हणते, त्याचा अर्थ काय? त्याने दात-ओठ खाऊन दुःख दाबले काय? पुढील वचने नीट वाचा. त्याने अब्याथार याजकाला बोलाविले, एफोद मागविला आणि देवाला विचारले : या टोळीच्या पाठीस लागू काय? सगळ्या आयुष्याचा उलगडा त्याने मागितला नाही. एक सोबती, एक प्रार्थना आणि पुढचे एक पाऊल, एवढेच त्याने घेतले. जे दीर्घकाळ युद्धात जगतात त्यांना याहून अधिक झेपत नाही, आणि देव त्यांच्यापाशी याहून अधिक मागत नाही.

(२) थकलेला माणूस पळपुटा नव्हे

दोनशे माणसे थांबली, तेव्हा दाविदाने त्यांस दूषण दिले नाही. त्याने त्यांना सामानापाशी ठेविले. परंतु जग नेहमी असे वागलेले नाही. इंग्लंडात स्टॅफर्डशर परगण्यात २००१ साली एक स्मारक उभारले गेले. तेथे लाकडाचे ३०६ खांब रोवलेले आहेत. पहिल्या महायुद्धात रणांगण सोडले, भित्रेपणा केला, पहाऱ्यावर झोप लागली अशा आरोपांखाली लष्करी न्यायालयाने दोषी ठरविलेल्या आणि पहाटे गोळ्या घालून मारलेल्या शिपायांचे ते खांब आहेत. त्यांतील अनेकांची मने तोफांच्या माऱ्याने आधीच मोडली होती, असे आज मानले जाते. १९१५ साली चार्ल्स मायर्स या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात अशा आजाराविषयी लिहिले, तेव्हापासून त्याचे शेल शॉक हे नाव सर्वांना माहीत झाले. तरीही शिक्षा थांबल्या नाहीत. २००६ साली, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांनी, ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून या ३०६ जणांना माफी दिली. मधल्या काळात त्यांच्या आयांनी, विधवांनी, मुलांनी मान खाली घालून दिवस काढले.

मनावरील अशा आघाताला वैद्यकशास्त्राने १९८० साली आजारांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र स्थान दिले. बसोर ओहोळाच्या काठी दाविदाला ही यादी ठाऊक नव्हती. तरी थकलेला आणि पळपुटा यांतील भेद त्याला कळला, कारण तो स्वतः त्याच वाटेने चालला होता आणि त्याच राखेपुढे रडला होता. न्याय करण्यापूर्वी आपण त्या माणसाची वाट चाललो आहोत काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

(३) आधी भाकर, मग प्रश्न

ओहोळापलीकडे गेलेल्या चारशेंना रानात एक मिसरी तरुण पडलेला आढळला. तो शत्रूचा दास होता. आजारी पडला म्हणून त्याच्या अमालेकी धन्याने त्यास टाकून दिले होते. तीन दिवस व तीन रात्री त्याच्या पोटात अन्नपाणी नव्हते. दाविदाच्या लोकांना तर एकेक घटका मोलाची होती. बायकामुले कोठे नेली हे या तरुणाला ठाऊक असणार, हेही त्यांच्या ध्यानात आले असेल. तरी क्रम पाहा. प्रथम त्याला भाकर दिली, पाणी पाजले, अंजिराच्या ढेपेचा तुकडा व मनुकांचे दोन घड दिले. त्याच्या जिवात जीव आला. त्यानंतर दाविदाने त्याला विचारले, तू कोणाचा, कोठला?

संकटातून आलेल्या माणसाला मनाचा पहिला आधार कसा द्यावा, याची एक पुस्तिका जागतिक आरोग्य संघटना, वॉर ट्रॉमा फाउंडेशन व वर्ल्ड व्हिजन या संस्थांनी २०११ साली मिळून प्रसिद्ध केली. तिचे सार तीन शब्दांत सांगतात : पाहा, ऐका, जोडून द्या. माणूस सुरक्षित आहे काय, त्याला काय हवे, हे आधी पाहा. तो बोलेल तेवढे ऐका. मग त्याचे नातलग, दवाखाना, मदत करणारी माणसे यांच्याशी त्याला जोडून द्या. काय घडले ते सर्व सांग, असा आग्रह धरू नये, असे ती पुस्तिका बजावते. एकेकाळी उलट समजूत होती. आघात होताच सर्व काही बोलवून घ्यावे म्हणजे मन मोकळे होते, असे पुष्कळांना वाटे. पुढे अनुभवांती दिसून आले की अशा सक्तीने लाभ होत नाही.

युक्रेनमध्ये २०२२ च्या नोव्हेंबरात सरकारने गावोगावी तंबू व खोल्या उघडल्या. तेथे विनामूल्य ऊब, वीज, पाणी मिळे आणि आपल्या माणसाशी दूरध्वनीवर बोलता येई. चर्चच्या इमारतींतही मंडळ्यांनी गाद्या घातल्या, चुली पेटविल्या. तेथे आलेल्या माणसाला आधी गरम चहा मिळाला आणि मग त्याचे नाव विचारले गेले, तर ती मिसरी तरुणाची कथा पुन्हा एकदा घडली म्हणावयाची. त्या तरुणासंबंधी आणखी एक गोष्ट विसरू नये. तो शत्रूच्या बाजूचा होता. थकलेले लोक ओहोळाच्या दोन्ही बाजूंना असतात. शत्रूच्या छावणीतही आजारी पडलेला, टाकून दिलेला कोणी असतो आणि त्याच्याही पोटात तीन दिवस भाकर नसते.

(४) क्षेमकुशल विचारणारा धनी

विजय मिळवून दावीद परतला. दोनशे जण त्याला भेटावयास पुढे आले. त्यांच्या मनात काय चालले असेल? आम्ही गेलो नाही, आता आमचे काय? आमची बायकामुले दुसऱ्यांनी सोडविली, आता तोंड कसे दाखवावे? जे वाचले, जे मागे राहिले त्यांच्या मनाला ही बोचणी फार खोल लागते. दाविदाने जवळ जाऊन त्यांचे क्षेमकुशल विचारले. मूळ इब्री भाषेत येथे शालोम हा शब्द आहे. तुमची शांती कशी आहे, असे त्याने विचारले. हिशेब मागितला नाही.

युक्रेनमध्ये युद्धकाळात लोकांच्या मनाची काळजी घेण्यासाठी अध्यक्षांच्या पत्नी ओलेना झेलेन्स्का यांच्या पुढाकाराने एक राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यातील मोहिमेचे नाव युक्रेनी भाषेत 'ति याक?' असे आहे. मराठीत म्हणावयाचे तर, 'तू कसा आहेस?' एवढ्या मोठ्या दुःखापुढे एवढाच लहान प्रश्न! परंतु दाविदाचाही हाच प्रश्न होता. घाईने न विचारता, उत्तर ऐकण्यासाठी थांबून कोणी हा प्रश्न विचारला, तर खचलेला माणूस पुन्हा माणसांत येतो.

हा प्रश्न विचारणे सोपे नाही, कारण दीर्घ युद्ध लोकांमध्ये ओहोळ पाडते. खंदकात असलेला आणि शहरात असलेला, देशात राहिलेला आणि लेकरांना घेऊन बाहेर गेलेली, हे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. तू कोठे होतास, हा प्रश्न ओठांवर येतो. राजधानीत उपाहारगृहे उघडी पाहून रजेवर आलेल्या शिपायाचे रक्त तापते. परदेशी गेलेल्या आईला वाटते की आपण पाप केले. 'तू कोठे होतास' आणि 'तू कसा आहेस' हे दोनही प्रश्न लहानच आहेत. परंतु एकाने फूट पडते आणि दुसऱ्याने ती सांधते.

(५) समान वाटा

दाविदाबरोबर गेलेल्यांत काही दुष्ट माणसे होती. ती म्हणाली, हे आमच्याबरोबर आले नाहीत, यांना लुटीतले काही देऊ नये. आपापली बायकामुले घेऊन त्यांनी चालते व्हावे. व्यवहाराच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही. ज्याने घाम गाळला त्याने खावे. पण दाविदाने त्यांस रोखले. त्याचे कारण फार सुंदर आहे. हे जे मिळाले ते तुम्ही कमाविले नाही, परमेश्वराने दिले आहे, असे तो म्हणाला. देणगीची वाटणी मजुरीच्या हिशेबाने होत नाही. लढाईस गेलेल्याचा आणि सामानापाशी बसलेल्याचा वाटा सारखाच, असा नियम त्याने केला, आणि तो इस्राएलात पुढेही चालू राहिला.

दाविदाने हे नियमाने बांधून ठेविले याकडे लक्ष द्या. नुसती दया पुरेशी नव्हती. आज राजा दयाळू आहे, उद्याचा कसा असेल? थकलेल्यांना न्याय मिळण्यासाठी व्यवस्था लागते. २०२३ च्या अखेरीस युक्रेनी शिपायांच्या बायका व आया कीव्हच्या चौकात फलक घेऊन उभ्या राहिल्या. सुरुवातीपासून लढणाऱ्या आमच्या माणसांना आता बदली द्या, विश्रांती द्या, अशी त्यांची मागणी होती. एप्रिल २०२४ मध्ये तेथील संसदेने सैन्यभरतीचा कायदा केला, तेव्हा ३६ महिने सेवा झालेल्यास मोकळे करण्याची तरतूद शेवटी मसुद्यातून वगळण्यात आली. माणसे अपुरी होती आणि शत्रू दारात होता. दूर बसून त्यांना दोष देण्याचा आपणांस अधिकार नाही. परंतु त्या बायकांचा प्रश्न बसोर ओहोळाचाच होता : ज्यांचे पाय थांबले, त्यांचे काय?

आणखी एक गोष्ट. त्या दोनशांना दाविदाने अगदी रिकामे ठेविले नाही. सामान त्यांच्या हवाली होते. थकलेल्याला त्याच्या शक्तीपुरते काम देणे हाही त्याच्या मानाचा भाग आहे. खारकीव्ह शहरात सप्टेंबर २०२३ पासून भुयारी रेल्वेच्या स्थानकांत शाळेचे वर्ग भरू लागले. २०२४ मध्ये तेथे जमिनीखाली खास बांधलेली शाळा उघडली. भोंगा वाजला तरी गणिताचा तास चालू राहतो. शिकविणाऱ्या बाईंना युद्ध थांबविता येत नाही, पण फळ्यावर उदाहरण मांडता येते. त्या मुलांपुरते तेच सामान राखणे आहे.

आमच्या मंडळ्यांनी काय करावे?

युद्ध आपल्यापासून दूर आहे असे मानून ही पाने मिटू नयेत. बेळगावी मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. इंदूरजवळ महू, हैदराबादेस लागून सिकंदराबाद येथे छावण्या आहेत. ग्वाल्हेरला वायुदलाचा आणि गोव्यात दाबोळीस नौदलाचा तळ आहे. आमच्या शेजारी, कधी आमच्याच बाकांवर, सैन्यातून आलेला पुरुष किंवा सीमेवर गेलेल्याची पत्नी बसलेली असते. दिवाळीत फटाका फुटला की दचकून उठणारा निवृत्त सुभेदार आपल्याला ठाऊक असतो. आपण त्याला तापट म्हणतो आणि टाळतो. जातीय दंगलीत घर जळालेली बहीणही याच दोनशांपैकी आहे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची विनंती अशी : हा धडा पुन्हा शिकवाल तेव्हा चारशांच्या धावण्याइतकाच वेळ दोनशांच्या बसण्याला द्या. तुमच्यापैकी कोण कोण आज बसोरापाशी बसला आहे, असे मोठ्याने विचारू नका. मुलांना एवढे सांगा की त्यांचाही वाटा राखून ठेविला होता. भयातून गेलेले मूल अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडत नाही, पुन्हा पुन्हा तोच खेळ खेळते. त्याला रागावू नका, हसू नका. त्याला रोजची ठराविक वेळ, ओळखीचे गीत आणि तेच ते परिचित माणूस द्या.

मोठ्यांशी बोलताना, 'विश्वास असता तर असे झाले नसते' हे वाक्य आपल्या तोंडून कधीही जाऊ नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते उत्तम मित्र होते. बोलू लागले तेव्हा बिघडले.

आणि प्रार्थनेबरोबर औषधाचाही मार्ग दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या अंदाजानुसार मागील दहा वर्षांत युद्ध किंवा संघर्ष झालेल्या प्रदेशांत पाच जणांमागे सुमारे एकाला नैराश्य, चिंता, आघातानंतरचा ताण यांसारखा मनाचा आजार असतो. इतर पुष्कळांचा त्रास सुरक्षितता, झोप आणि माणसांची सोबत मिळाली की हळूहळू कमी होतो. परंतु महिना उलटूनही झोप येत नाही, तीच दृश्ये डोळ्यांपुढे येतात, माणूस जेवत नाही किंवा दारूकडे वळला आहे, असे दिसले तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. जीव नको झाला असे तो म्हणाला तर त्याच दिवशी न्यावे आणि त्याला एकटे सोडू नये. भारत सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तिचा क्रमांक १४४१६ असा आहे. तो मंडळीच्या फळ्यावर लिहून ठेवावा. डॉक्टरांकडे जाणे हे देवाकडे पाठ फिरविणे नव्हे. मिसरी तरुणाला प्रथम भाकरच दिली गेली.

प्रियांनो, शेवटी या कथेतून आपल्या प्रभूकडे पाहू. दाविदाचा पुत्र येशू यानेही एका रात्री ओहोळ ओलांडला. त्या ओहोळाचे नाव किद्रोन. त्याचे शिष्य पलीकडच्या बागेपर्यंत गेले खरे, पण तेथे त्यांचे बळ संपले. लूक लिहितो की ते दुःखामुळे झोपी गेले होते. जागे राहा, अशी विनंती प्रभूने केली होती आणि ती त्यांना पाळता आली नाही. पुढची लढाई तो एकटाच लढला. वधस्तंभापाशी त्या अकरांपैकी बहुतेक नव्हते. मग पुनरुत्थानानंतर तो त्यांना भेटावयास आला तेव्हा त्याने काय केले? तुम्हांस शांती असो म्हणाला. सरोवराच्या काठी निखाऱ्यांवर मासळी आणि भाकर ठेवून त्यांना न्याहारीस बोलाविले. पेत्राला जे विचारावयाचे ते त्याने न्याहारी झाल्यावर विचारले.

जो विजय आपण मिळविला नाही, त्यात आपला पूर्ण वाटा आहे, हीच सुवार्ता आहे. खरे पाहता आपण सर्व बसोर ओहोळाच्या अलीकडचेच आहोत. मग आपल्यातील अधिक थकलेल्याला वाटा नाकारणारे आपण कोण?

प्रार्थना : हे दयाळू पित्या, ज्यांच्या गावांवर आज भोंगे वाजत आहेत त्यांना तुझ्या पंखांखाली घे. ज्यांना रडण्याचेही त्राण नाही त्यांच्यासाठी तू जागा राहा. खंदकातील, तळघरातील, परक्या देशातील आणि शत्रूच्या छावणीतील थकलेल्यांना भाकर, पाणी व झोप दे. घरी परतलेल्यांचे क्षेमकुशल विचारण्यास आमची तोंडे उघड आणि त्यांचे ऐकण्यास आमचे कान उघड. राज्यकर्त्यांना युद्ध थांबविण्याची बुद्धी दे. आणि तुझ्या मेजावर सर्वांचा वाटा सारखा आहे याचा आम्हांस विसर पडू देऊ नको. तुझा पुत्र, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो. आमेन.